आमची वाटचाल : हॅम्लेटपासून फॉस्टसपर्यंत

पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातल्या इंग्रजी नाटकांच्या मराठी रंगावृत्त्या करायच्या, त्यांचे प्रयोग लावायचे आणि हल्ली त्यांचं चित्रीकरणही करायचं, हे आमच्या पुण्यातल्या छोट्या निर्मितीसंस्थेचं काम. सुरुवातीला हितचिंतक विचारायचे, हे मराठीत बघणार कोण? पण आगरकरांनी १८८३ मध्ये शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं आणि शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशींनी ती भूमिका गाजवली. प्रेक्षक इथे होताच.

पहिला प्रश्न लांबीचा. ‘हॅम्लेट’ची १६०४ची छापील प्रत सुमारे ३८०० ओळींची आहे. सगळी बोलायची तर चार तास हवेत. काटछाट म्हणजे पाप, असं मानणारे भेटतात. मला ते पटत नाही. त्याच नाटकाची १६०३ची प्रत जेमतेम २२०० ओळींची आहे, आणि ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ची नांदी तर दोन तासांचा खेळ असं स्वतःच सांगते.

पण कात्री कुठे लावायची? तेव्हा उघड्यावर, दुपारच्या उजेडात प्रयोग व्हायचे. रात्र आहे, थंडी आहे, हे पात्रांनी बोलून दाखवावं लागे. आज ते प्रकाशयोजना सांगते, म्हणून अशी वर्णनं आम्ही कमी करतो. ‘हॅम्लेट’च्या पहिल्या प्रवेशाला मात्र हात लावत नाही. तिथे ‘कोण आहे?’ असं पहाऱ्यावर उभा असलेला शिपाई विचारत नाही. त्याच्या जागी पहारा द्यायला आलेला विचारतो. भीती किती पसरली आहे, ते त्या एका प्रश्नात कळतं.

एका नटानं दोन-तीन भूमिका करणं ही त्या काळच्या मंडळ्यांचीच रीत. ती आम्ही उचलली आणि दौऱ्याचा खर्च आवाक्यात आला.

चित्रीकरणात खरा कस लागला तो स्वगतांचा. ग्लोबमध्ये, म्हणजे शेक्सपिअरच्या मंडळीच्या लंडनमधल्या नाट्यगृहात, प्रेक्षक तीन बाजूंनी रंगमंचाला खेटून असत. नट त्यांच्याशीच बोलायचा. कॅमेऱ्यापुढे तो कुणाशी बोलणार? नट-दिग्दर्शक लॉरेन्स ऑलिव्हिएच्या १९४८च्या ‘हॅम्लेट’ चित्रपटात स्वगताचा बराच भाग ओठ न हलवता मनातल्या आवाजात ऐकू येतो. १९९५च्या ‘रिचर्ड थर्ड’ चित्रपटात रिचर्ड झालेला इयन मॅकेलन आरशात बघता बघता थेट आपल्याकडे वळतो आणि आपल्याला कटात सामील करून घेतो. आम्ही मॅकेलनची वाट धरली. मनातल्या आवाजानं प्रेक्षक नुसता ऐकणारा उरतो, आणि ही नाटकं त्याला तसं बसू देत नाहीत.

सध्या शेक्सपिअरचा समकालीन नाटककार मार्लो याचं ‘डॉक्टर फॉस्टस’ हाती आहे. १६०४ आणि १६१६ अशा त्याच्या दोन प्रती. आम्ही पहिली, आटोपशीर घेतली. फॉस्टसनं आपला आत्मा सैतानाला विकलेला असतो आणि मुदत मध्यरात्री संपते; त्याच्या शेवटच्या स्वगतात अकराच्या ठोक्यापासून बारापर्यंतचा तास साठेक ओळींत सरतो. हा प्रवेश एकाच सलग शॉटमध्ये घ्यायचं ठरलंय. कॅमेरा फिरवायचा की नाही, यावर तालमीत अजून वाद चालू आहे. माझं मत, तो जागचा हलू नये.