औषध पास झालं तरी माझे पैसे गेले

परवा नाशिकहून मावसभावाचा फोन आला. म्हणे ताई, तू तर याच फील्डमधली, औषध पास होणार का नाही हे तुला आधी कळत असेल, मग कॉल ऑप्शन (ठरलेल्या भावाला शेअर घ्यायचा हक्क) घेऊन का नाही ठेवत? मी इथे न्यू जर्सीत क्लिनिकल ट्रायलच्या डेटावर काम करते आणि हेल्थकेअर शेअर्सबद्दल लिहिते, त्यामुळे हा प्रश्न मला सारखा येतो. सुरुवातीला मलाही असंच वाटायचं.

एका छोट्या कंपनीच्या औषधाचा फेज ३ (मंजुरीआधीच्या मोठ्या ट्रायलचा) डेटा मी नीट वाचला होता, पास होणार याची खात्री होती. शेअर २० डॉलरला, २० च्या स्ट्राइकचा (म्हणजे २० ला शेअर घ्यायचा हक्क देणारा) कॉल ४ डॉलरला, पाच कॉन्ट्रॅक्ट (प्रत्येकी १०० शेअर्सचं) घेतले म्हणजे २००० डॉलर. औषध पास झालं! शेअर २१.५० ला उघडला आणि माझा कॉल १.७० वर आला, ११५० डॉलर गेले. त्या दिवशी खूप वाईट वाटलं, कारण अभ्यासात काहीच चुकलं नव्हतं.

झालं काय होतं, तर एफडीए (औषधांना मंजुरी देणारी अमेरिकेची संस्था) निर्णय साधारण कधी देणार ती तारीख (पीडूफा डेट म्हणतात, १९९२ च्या कायद्यावरून) सगळ्यांनाच माहीत असते. मग ऑप्शन विकणारा काय झोपलेला असतो का, तो प्रीमियम (ऑप्शनची किंमत) आधीच फुगवून ठेवतो, आणि बातमी आली की अनिश्चितता संपते, फुगा खाली बसतो. याला आयव्ही क्रश म्हणतात (आयव्ही म्हणजे शेअर किती हलेल याचा किमतीत धरलेला अंदाज). माझ्या कॉलला नुसतं बरोबर असून भागणार नव्हतं, एक्स्पायरीला (ऑप्शनची मुदत संपते तेव्हा) शेअर २४ च्या वर हवा होता.

आणि बरोबर तरी कशाला म्हणायचं? बायोजेनचं अल्झायमरवरचं अ‍ॅड्युकॅनुमॅब आठवा. दोन मोठ्या ट्रायल्स, एकीत हाय डोसला फरक दिसला, दुसरीत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये एफडीएच्या तज्ज्ञ समितीत, फरक दिसलेली ट्रायल हा औषधाच्या परिणामाचा मुख्य पुरावा मानायचा का, या शेवटच्या मुख्य प्रश्नावर एकानेही हो म्हटलं नाही, शेअर एका दिवसात २८ टक्के पडला. माझंही मत तेच होतं, पुरावा कमी आहे. पण ७ जून २०२१ ला एफडीएने मेंदूतला अमायलॉइड (अल्झायमरमध्ये साचणारं प्रथिन) कमी होतो या आधारावर अ‍ॅक्सिलरेटेड अप्रूव्हल (पूर्ण पुरावा येण्याआधीची मंजुरी) दिलं आणि शेअर ३८ टक्के वर! पुढे मेडिकेअरने (मुख्यतः वृद्धांसाठीचा अमेरिकी सरकारी आरोग्य विमा) ते जवळपास ट्रायलमधल्या पेशंटपुरतंच ठेवलं आणि जानेवारी २०२४ मध्ये कंपनीनेच ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे पुरावा पुरेसा आहे का, एफडीए काय करेल, पैसे कोण देईल आणि बाजाराने आधीच किती धरलंय, हे चार वेगळे प्रश्न आहेत, आणि माझं शिक्षण त्यातल्या पहिल्यालाच उपयोगी पडतं.

आता मी नुसता कॉल घेत नाही. सोबत वरच्या स्ट्राइकचा कॉल विकून स्प्रेड करते, मग फुगलेला प्रीमियम थोडा मलाही मिळतो आणि जास्तीत जास्त जाणारी रक्कम नुसत्या कॉलपेक्षा कमी असते. स्वतःच्या कंपनीला किंवा आम्ही जिच्यासोबत काम करतो अशा कंपनीला तर हातच लावत नाही, तो इनसायडर ट्रेडिंगचा गुन्हा होऊ शकतो.

भावाला हे सगळं सांगितलं. सेबीचा २०२४ चा अभ्यासही सांगितला, तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) करणाऱ्या १०० पैकी ९३ लोकांचं नुकसान झालं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला की निफ्टीचे वीकली (दर आठवड्याला संपणारे) ऑप्शन तो आठ महिने घेतोय, घरी कुणालाच माहीत नाही. रविवारी त्याचं ब्रोकरचं स्टेटमेंट उघडून आम्ही दोघं ओळ न् ओळ बघणार आहोत.