एका शब्दावर कारभार

दुपारी दीडला, म्हणजे पुण्यात कोणी कोणाची बेल वाजवू नये अशा वेळी, भाची वही घेऊन आली. "मामा, शनिवारवाडा हिस्टॉरिक की हिस्टॉरिकल?"

डोळ्यांवर झापड. म्हटलं, "ऐतिहासिक."

"ते मराठीत झालं."

खरंच की. आपला सगळा कारभार एका ऐतिहासिकवर. इंग्रजीवाल्यांनी मात्र रीतसर वाटणी केली आहे. १७३० च्या जानेवारीत वाड्याची पायाभरणी झाली, तो दिवस हिस्टॉरिक. पेशवे दफ्तरातला एखादा मोडी हिशेब हिस्टॉरिकल. इतिहासाच्या कामाचा, पण त्यानं काही उलथापालथ झाली नाही. ऐतिहासिक कादंबरी हिस्टॉरिकलच. तिला हिस्टॉरिक म्हटलं तर लेखक खूश होईल, एवढंच. आमच्या गल्लीतल्या मंडळाची मिरवणूक फ्लेक्सवर दरवर्षी ऐतिहासिक असते; ती यातली कुठली, ते मंडळच जाणे.

"हिस्टॉरिक लिही," म्हटलं. भाची गेली. झोपही गेली.

आमचा वाडा नारायण पेठेत, बिऱ्हाड वरच्या मजल्यावर. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला. आजी पूर पायऱ्यांत मोजायची. "नवव्या पायरीला पाणी लागलं नि थांबलं." कितीही वेळा सांगो, पायरी नववीच. खालच्या भिंतीवर पाण्याची तपकिरी रेघ होती. चुना मारला तरी दोन पावसाळ्यांत पुन्हा वर यायची. आम्ही पोरं तिच्याखाली पाठ टेकून उंची मोजायचो. रेघेला कोणाचंच डोकं लागलं नाही.

आजीची दुधाच्या हिशेबाची वही होती. कॉलेजात असताना मी मुद्दाम जुलै एकसष्टचं पान काढलं. म्हटलं, आजीनं काहीतरी लिहिलं असेलच. १३ : खाडा. १४ : खाडा. असे आठ दिवस खाडे, एकाखाली एक, नेटक्या अक्षरात. मग २१ : अर्धा शेर, पाणचट. पुराचा उल्लेख तेवढाच, तोही दुधात.

पूर हिस्टॉरिक, त्यात वाद नाही. वही मग हिस्टॉरिकल असावी. वाडा पाडून सोसायटी झाली त्या वर्षी ती रद्दीत गेली. रद्दीवाल्यानं आधी पुठ्ठा फाडून बाजूला टाकला. त्याचा भाव वेगळा असतो.