शाईपेन धुवायचा रविवार

महिन्यातला एक रविवार माझा पेनं धुण्यात जातो. सकाळी बेसिनमध्ये निळं पाणी दिसलं की घरात कोणी काही विचारत नाही, सगळ्यांना माहितीये.

पाचवीत शिसपेन्सिल सुटली तेव्हा बाबांनी अप्पा बळवंत चौकातून एक जाडजूड काळं शाईपेन आणून दिलं होतं, ड्रॉपरने शाई भरायचं, आणि बरोबर कॅमलची रॉयल ब्लू. ही शाई आपल्याच माणसांची हे मला खूप उशिरा कळलं, दिगंबर परशुराम दांडेकरांनी १९३१ मध्ये मुंबईत शाईची पावडर आणि गोळ्या बनवायला सुरुवात केली, तेव्हा नाव होतं हॉर्स ब्रँड, उंट नंतर आला. आता कंपनी जपानच्या कोकुयोकडे आहे, पण झाकण उघडल्यावर जो वास येतो तो मला अजूनही थेट वर्गात नेऊन बसवतो.

तर ते काळं पेन मधेच भसकन शाई ओकायचं. युनिफॉर्मच्या खिशावर डाग, वहीवर डाग. तेव्हा वाटायचं पेनच खराब आहे. खरं कारण असं की ड्रॉपरवाल्या पेनात शाई कमी झाली की वर हवा जास्त राहते, हाताच्या उबेने ती फुगते आणि उरलेली शाई बाहेर ढकलते. म्हणून पाव पेन उरायच्या आतच परत भरायचं, आणि आट्यांना जरासं सिलिकॉन ग्रीस लावायचं. एवढंच! वीस वर्षांनी कळलं, पण कळलं तेव्हा इतका आनंद झाला की तेच पेन माळ्यावरच्या डब्यातून शोधून काढलं.

मला शाईपेन आवडतं ते याचसाठी, ते उघडता येतं. निब आणि तिच्याखालची जीभ ओढून काढा, साध्या पाण्यात ठेवा (गरम पाणी अजिबात नको, प्लॅस्टिक वाकतं), जिभेतल्या बारीक चरांमध्ये सुकलेली शाई सुटून धुरासारखी पाण्यात पसरते, ते बघत मी दहा मिनिटं नुसती उभी राहू शकते. शाळेत आम्ही या चरांमधून ब्लेड फिरवायचो, तसं आता करत नाही, चर रुंदावला की शाई जास्त येते. सगळी गंमत त्या चरात आणि निबच्या फटीतच तर आहे, केशाकर्षणाने शाई आपोआप टोकापर्यंत येते म्हणून हाताने दाबावं लागत नाही, पानंच्या पानं लिहिली तरी बोटं दुखत नाहीत.

कागदाबद्दल मात्र मी हट्टी आहे. नुसता जीएसएम (कागदाचं दर चौरस मीटरचं वजन, ग्रॅममध्ये) बघून वही घेऊ नका, जाड कागदावरसुद्धा शाई फुटते, कारण कागदाला साइझिंग (शाई आत शोषली जाऊ नये म्हणून दिलेली खळ) नीट नसेल तर त्याचे तंतू शाई पिऊन घेतात. मी दुकानात पेन घेऊनच जाते आणि दुकानदाराला विचारून मागच्या पानावर एक 'श' काढून बघते. श काढला की गोलाई, गाठ, दांडा सगळं एकदम तपासून होतं.

आत्ता तीन पेनं टीपकागदावर वाळत पडलीयेत. काळ्यात रॉयल ब्लूच जाणार, बाकीच्या दोघांचं अजून ठरत नाहीये.