आधी बोलायची जागा

"तू पुढं होतास ना, म्हणून मला सोपं गेलं." चिंचोके ओढून घेता घेता दादा सहज बोलला. मघापासून तेवढंच डोक्यात फिरतंय.

गड्ड्याच्या जत्रेवरून आल्यावर गच्चीवर पत्ते मांडले होते. लिमिट होल्डेम, म्हणजे ठरलेल्या रकमेचीच बेट लावायचा पोकर, 2-4 चिंचोक्यांचं (आधी 2, शेवटच्या दोन फेऱ्यांत 4), चौघंच. मी स्मॉल ब्लाइंडला, म्हणजे फ्लॉपपासून सगळ्यांच्या आधी बोलायच्या जागेवर, दादा सगळ्यांत शेवटी. हातात बदाम एक्का आणि बदाम दश्शी. सगळ्यांनी दोन-दोन टाकले. फ्लॉपला, म्हणजे मधल्या पहिल्या तीन सामाईक पत्त्यांत, बदाम राजा, बदाम चौकी, किलवर सत्ती. आणखी एक बदाम आला की सगळ्यात मोठा फ्लश (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) माझा.

मी 2 टाकले, दादानं 4 केले, मी 6. उगाच नाही. दोन पत्ते यायचे असताना फ्लश लागायची शक्यता 35 टक्के, आणि चौघांनी टाकायच्या चिंचोक्यांत माझा हिस्सा 25 टक्क्यांचा. सगळे आत राहिले, पॉट, म्हणजे मधला ढीग, 32 झाला. टर्नला, चौथ्या पत्त्याला, इस्पिक दुर्री. मी चेक केलं, म्हणजे काही न टाकता पुढं दिलं, दादानं 4 टाकले. न दिसलेल्या 46 पत्त्यांत 9 बदाम, म्हणजे बदाम न येण्याचं प्रमाण साधारण एकास चार. पॉट मला एकास नऊ देत होता, 4 टाकून 36. कॉल केलं, बाकी दोघं उठले. रिव्हरला, शेवटच्या पत्त्याला, किलवर नव्वी. दादाची बेट आली, मी पत्ते टाकले. त्यानं राजाची जोडी दाखवली.

बदाम आला नाही याचं काही नाही, तो बऱ्याचदा येत नाहीच. लागलं ते आधी बोलणं. हेच पत्ते दादाच्या जागेवर असते तर फ्लॉपला 2 जास्त टाकून रेझ केलं असतं, टर्नला सगळ्यांनी दबून चेक केलं असतं, मग मीही चेक करून रिव्हरचा पत्ता फुकट बघितला असता. पुढं बसलेल्याला ते जमत नाही. चेक करायचं आणि मागच्याच्या हाताकडं बघत राहायचं. लिमिटमध्ये मोठी रक्कम टाकून कुणाला उठवताही येत नाही. 32 चिंचोक्यांसाठी 4 कोण टाकणार नाही?

कायम मलाच का आधी बोलावं लागतं? माझ्या तोंडाकडं बघून बाकीचे आपलं ठरवतात. काल आबांच्या खोलीतही पहिला मीच बोललो, आणि दादा... जाऊ दे.

तरी एक आहे. दादा म्हणाला ते खरंच आहे, त्यात टोमणा नव्हता. कुणीतरी पहिलं बोलल्याशिवाय डाव पुढं जातच नाही. पुन्हा तेच पत्ते त्याच जागेवर आले, तरी फ्लॉपला मी 6 करणारच.

पुढच्या डावाला बटण, म्हणजे फ्लॉपपासून शेवटी बोलणाऱ्याची खूण, सरकून माझ्याकडं आलं. हातात इस्पिक तिर्री आणि चौकट नव्वी. या वेळी आधी दादाला बोलावं लागलं. त्याचं निवांत ऐकून घेतलं आणि पत्ते टाकून दिले.