तुम्ही विचारलंत म्हणून: क्वालिटीच्या कामात माणसं मनापासून कशी येतात?

क्वालिटी विभागात नोकरी केल्यामुळे हा प्रश्न मला मॅनेजर मंडळी हमखास विचारतात. पाठोपाठ दुसराही येतो: "सूचना देणाऱ्या कामगारांच्या बक्षिसाची रक्कम वाढवू का?"

बक्षीस जरूर द्या. पण आधी मागच्या महिन्यात कामगारांनी दिलेल्या सूचना काढून बघा, त्यातल्या किती जणांना उत्तर गेलं? होकारच हवा असं नाही. "डाय (साचा) बदलल्याशिवाय हे जमणार नाही, आणि डाय आत्ता बदलत नाही," एवढं सांगितलं तरी चालतं. नकार मिळालेली माणसं नवी सूचना घेऊन आलेली मी पाहिली आहेत. ज्यांना काहीच कळवलं गेलं नाही, ती सहसा परत येत नाहीत.

मशीनवरच्या माणसाला फिक्स्चर (भाग जागेवर धरून ठेवणारी पकड) सैल झालंय, या लॉटला बर (कडेला उरणारी धातूची खरखरीत कोर) जास्त येतोय, हे रिजेक्शनचा आकडा वर जाण्याआधीच कळलेलं असतं. तरी तो गप्प बसतो, कारण सांगितल्यावर पहिला सवाल येतो, "कोणाच्या शिफ्टला झालं?" क्वालिटीच्या क्षेत्रातले अमेरिकन तज्ज्ञ डेमिंग यांनी व्यवस्थापनासाठी जी 14 सूत्रं मांडली त्यांत भीती घालवा हे एक आहे, आणि कामगारांपुढे घोषणा लावणं थांबवा हे दुसरं. बहुतेक दोष कामाच्या व्यवस्थेतून येतात आणि ती बदलणं कामगाराच्या हातात नसतं, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते शब्दशः पटतं.

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचं उदाहरण मी नेहमी देतो. गैरहजेरी आणि खराब गाड्यांसाठी बदनाम झालेला जनरल मोटर्सचा तिथला कारखाना 1982 मध्ये बंद पडला. 1984 मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तो 'नुम्मी' नावानं पुन्हा सुरू झाला. कामगार बरेचसे जुनेच, युनियनही तीच. फरक असा की आता अडचण दिसली की कुणीही दोरी ओढायची, टीम लीडर मदतीला धावून येणार, आणि वेळेत सुटली नाही तर लाइन थांबणार. गैरहजेरी घसरली, गाड्यांचा दर्जा कंपनीतल्या उत्तम कारखान्यांच्या तोडीला गेला. माणसं आळशी आहेत म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

आणि सक्ती नको. जपानमध्ये 1962 साली क्वालिटी सर्कल, म्हणजे दर्जाच्या अडचणी सोडवायला एकत्र बसणारे कामगारांचे छोटे गट, सुरू झाली तेव्हा स्वेच्छा हा त्यांचा पाया होता. महिन्याला दोन सूचनांचं टार्गेट लावलं की रकाने भरण्यापुरत्या सूचना येतात. बैठक मात्र ड्युटीच्या वेळेतच घ्या. घरी जायच्या वेळेला अडवून ठेवलेल्या माणसाकडून कसली अपेक्षा करायची?

सुरुवात लहान करा. आलेली एक सूचना निवडा, ज्या व्यक्तीनं दिली तिलाच ट्रायलला उभं करा, आणि मोजमाप तिच्याच हातून होऊ द्या. बक्षिसाच्या रकमेचं त्यानंतर बोलू.