नकाशातले अंतर

नाशकात अशोकस्तंभावर विचारलेली वाट मेहेर सिग्नलला पुन्हा एकदा विचारून घेतल्याशिवाय आमच्या सौभाग्यवतींचे पाऊल पुढे पडत नाही. लंडनला मात्र कोणालाही काही विचारायचे नाही, असे मी निघण्यापूर्वीच बजावले होते, कारण तिथल्या भुयारी रेल्वेचा नकाशा महिनाभर फ्रिजवर लावून मी पाठ केला होता.

हा नकाशा म्हणजे एक देखणी लबाडी आहे. रेल्वेच्याच सिग्नल विभागात आरेखनाचे काम केलेल्या हॅरी बेक यांनी तो आखला आणि १९३३ साली तो प्रवाशांच्या हाती पडला. जमिनीखालून जाणाऱ्याला वरच्या रस्त्यांची वळणे कशाला हवीत, असा विचार करून त्यांनी सगळे मार्ग उभ्या, आडव्या आणि ४५ अंशांच्या तिरक्या रेषांत बसवले, गर्दीचा मध्यभाग ऐसपैस केला आणि लांबची उपनगरे जवळ ओढून घेतली. गाडी कुठे बदलायची ते त्यावरून चटकन समजते. अंतर मात्र समजत नाही, आणि तसे सांगण्याचे त्याने कधी कबूलही केलेले नाही.

लेस्टर स्क्वेअरहून कॉव्हेंट गार्डनला जायचे होते. सरकत्या जिन्यावर उभे राहणाऱ्याने उजवीकडे राहावे, डावी बाजू घाईवाल्यांची, हा नियम मी हिला ऐकवला. पण तोवर मागे चार जण खोळंबले होते. खाली जाऊन गाडीत शिरलो, बसायला जागा शोधेपर्यंत स्टेशन आले. दोन स्टेशनांमधले अंतर जेमतेम २६० मीटर! लिफ्टपुढची रांग पाहून मी, तिथली सूचना न वाचताच, गोल जिन्याकडे वळलो. त्या जिन्याला १९३ पायऱ्या आहेत. निम्म्यावर कठडा धरून ही थांबली आणि म्हणाली, "अहो, वणीच्या गडावरसुद्धा आता ट्रॉली झाली, आणि तुम्ही मला इथे पायऱ्या चढायला आणलंत?" वर आल्यावर तिने स्टेशनातल्या कर्मचाऱ्याला पहिली गोष्ट विचारली, ती म्हणजे चालत आलो असतो तर किती वेळ लागला असता. पाच मिनिटे, असे त्याने हसत सांगितले.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दुमजली बस धरली. बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे चालत नाहीत. बँकेचे कार्ड टेकवायचे, आणि त्यानंतर तासाभरात दुसरी बस पकडली तर तिचे भाडे पडत नाही. वरच्या मजल्यावर पुढच्या काचेशी बसल्यावर, जमिनीखाली सुटी सुटी भेटलेली ठिकाणे एकाच रस्त्याला लागून असल्याचे दिसू लागले. शेअर रिक्षात कोंबून घेऊन नाशिकरोडहून शालिमारला येणाऱ्या पाहुण्याला आपले नाशिकही असेच तुटक दिसत असणार.

बस कोणती धरायची, हे फोनवर पाहण्याचे काम माझ्याकडेच होते. मी चष्मा शोधेपर्यंत हिने थांब्यावरच्या एखाद्या आजीबाईंना विचारून टाकलेले असे, आणि बसमध्ये चढताना ड्रायव्हरला पुन्हा एकदा.