थंडी खाणारे कंद

मुंबईला येणं ठरलं की दादरहून मावशीचा फोन ठरलेला, "येताना ट्युलिपचे चार कंद आण गं." मी आणत नाही. परदेशातून कंद आणायला आयात परवाना आणि रोगमुक्त असल्याचं प्रमाणपत्र लागतं. शिवाय त्या कंदाला जे हवं, ते दादरला नाहीच. कडक थंडी!

ट्युलिपची कळी कंदाच्या पोटात आदल्या उन्हाळ्यातच तयार होते. दांडा वाढायला मात्र साधारण 12 ते 16 आठवडे 9 अंशांखालचा गारवा लागतो. नाही मिळाला तर कळी पानांतच खुरटते. फ्रिजमध्ये कंद गार करता येतात, पण शेजारी चिकू, केळी, सफरचंदं नकोत. पिकत्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि आतली कळी मरते. एवढं सांभाळूनही मुंबईच्या दुपारी पारा तिशीपार गेला, की फूल लवकर मान टाकतं.

इथे कॅनडात, ओटावाला आम्ही ऑक्टोबरात कंद पुरतो, कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल. वर साचलेला बर्फ म्हणजे गोधडीच. खरी भीती बर्फाविना गेलेल्या हिवाळ्याची: जमीन सारखी गोठते, वितळते आणि कंद वर ढकलले जातात. मे महिन्यात सगळं शहर ट्युलिपनं भरतं. युद्धकाळात नेदरलँड्सच्या राजकन्या युलियाना इथे आश्रयाला होत्या. त्याची आठवण ठेवून 1945 मध्ये डच लोकांनी 1 लाख कंद पाठवले.

माझा जीव मात्र लहान फुलांत अडकलाय. स्नोड्रॉप उरलेल्या बर्फातूनच डोकं काढतो. तुर्कस्तानच्या डोंगरांतून त्याचे कंद इतके उपसले गेले की आता त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे. म्हणून मी रोपवाटिकेत वाढवलेलेच घेते. महाग पडले तरी चालेल. आणि ट्रिलियम! तीन पानं, तीन पाकळ्या, ओंटारियो प्रांताचं फूल. बी पेरल्यापासून फुलायला 7 वर्षं किंवा त्याहूनही जास्त. जंगलात त्याचं बी मुंग्या वाहून नेतात. माझ्या वाफ्यातल्या रोपांना अजून नुसती पानंच आहेत, तरी बर्फ वितळला की रोज सकाळी मी आधी तिकडेच जाते.

मावशीला मी भुईचाफा लावायला सांगितलाय. हिवाळ्यात त्याची पानं सुकून जातात, कुंडी रिकामी दिसते. मग उन्हाळ्यात एकही पान नसताना मातीतून थेट सुगंधी, जांभळट फूल वर येतं. बर्फातून उमलणाऱ्या क्रोकसच्या फुलाचं कौतुक करणाऱ्यांनी हे एकदा पाहावंच. त्याला थंडी लागत नाही, कोरडी विश्रांती लागते. पानं पिवळी पडली की पाणी तोडायचं, कुंडी सावलीत सरकवायची आणि रिकामी दिसते म्हणून तिच्यात दुसरं काही लावायचं नाही.